तीन धातूंचे एक क्रियापद

स्पॅनिश भाषेच्या अध्ययनास आरंभ करणाऱ्या मराठी माणसाचा उत्साह प्रारंभी वाढतच जातो, कारण त्या भाषेतील क्रियापदे ‘आर’, ‘एर’ आणि ‘ईर’ अशा तीनच अंत्यांची असून एकाची रूपे कंठस्थ झाली की त्याच्या वर्गातील शेकडो क्रियापदे निमूटपणे त्याच वाटेने चालू लागतात. परंतु ‘जाणे’ या अर्थाचे ‘ईर’ हे इवलेसे क्रियापद पुढे ठाकले की हा सारा बंदोबस्त कोलमडतो. त्याचा वर्तमानकाळ बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान असा. अपूर्ण भूतकाळ ईबा, ईबास असा. आणि पूर्ण भूतकाळ फुई, फुइस्ते, फुए असा. मूळ शब्दाशी बोयचा काय संबंध आणि बोयशी फुईचा काय, याचा कोणताही दाखला त्या रूपांच्या अंगावर दिसत नाही.

तो दाखला लॅटिनच्या जुन्या दप्तरात सापडतो. तेथे ‘ईरे’ म्हणजे जाणे. हा संस्कृतातील ‘इ’ धातूचा, म्हणजे ‘एति’ या रूपाचा, सख्खा भाऊ. परंतु त्याची वर्तमानकाळी रूपे इतकी आखूड होती की लोकांच्या बोलण्यात ती टिकेनात, आणि त्या रिकाम्या जागी ‘वादेरे’, म्हणजे चालत पुढे जाणे, या दुसऱ्या क्रियापदाने ठाण मांडले. बोय, बास ही मंडळी त्याच्या घरची. पूर्ण भूतकाळाचा कारभार तर ‘असणे’ या क्रियापदाकडेच सोपवला गेला, कारण जो अमुक स्थळी होता तो तेथे गेला असलाच पाहिजे, हा तर्क बोलणाऱ्याला पुरेसा वाटला. ज्या शब्दांवाचून घटकाभरही निभत नाही तेच शब्द असा अनियमितपणा पिढ्यान्‌पिढ्या जतन करतात. क्वचित लागणाऱ्या क्रियापदांची विलक्षण रूपे विस्मरणात जातात आणि ती मुकाट्याने नियमाच्या अमलाखाली येतात.

याविषयी नाक मुरडण्याचा अधिकार मराठी माणसाला मुळीच नाही. आपले ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूपासून निघाले आणि ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून; ‘जाला’ असे रूप जुन्या कागदपत्रांत भेटते खरे, परंतु त्याचा अर्थ ‘झाला’. तसेच ‘असणे’ हे ‘अस्’ धातूचे, आणि त्याचा भूतकाळ म्हणून आपण जे ‘होता’ वापरतो ते ‘भू’ धातूचे. स्पॅनिशमधील फुएदेखील याच प्राचीन ‘भू’च्या कुळातले, हे कळल्यावर त्या परक्या रूपाकडे पाहण्याची विद्यार्थ्याची दृष्टी थोडी तरी सौम्य व्हावी.

आता फुई म्हणजे ‘मी गेलो’ आणि फुई म्हणजेच ‘मी होतो’, तर ऐकणाऱ्याने समजावे काय? व्यवहारात घोटाळा होत नाही. ‘फुई अल मेदिको’ म्हणजे मी वैद्याकडे गेलो. ‘फुई मेदिको’ म्हणजे मी वैद्य होतो. मधल्या ‘आ’ या अव्ययाने, जे येथे ‘अल’मध्ये मिसळले आहे, सारा निवाडा होतो, म्हणून हे क्रियापद त्या अव्ययासह, सबंध वाक्यातच पाठ करावे, नुसते कोष्टक घोकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६१ पूर्वीच्या गोव्यात पोर्तुगीज शाळांतून शिकलेल्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही, कारण पोर्तुगीजमध्येही या दोन क्रियापदांचा पूर्ण भूतकाळ सामाईकच आहे.

खरी अडचण रूपांहून वापरात आहे. ‘बोय आ कोमेर’ याचा शब्दशः अर्थ ‘जेवायला जातो’, परंतु बोलणारा पाटावर बसलेला असला तरी चालते, कारण त्याला ‘मी आता जेवणार आहे’ एवढेच सांगायचे असते. ‘बा आ योबेर’ म्हणजे पाऊस पडणार आहे, आणि तेथे तर कोणी कोठे जात नाही. याहून मौज हाकेला ओ देताना येते. आतून आईने हाक मारली की आपण ‘आलो!’ म्हणतो; स्पॅनिश मुलगा ‘बोय!’, म्हणजे ‘जातो!’ म्हणून आईकडे धावतो, कारण त्याच्या भाषेत येणे हे बोलणारा जेथे उभा असेल तेथेच घडते, ऐकणाऱ्याच्या जागी नाही. निरोपाच्या वेळी ‘जातो’ म्हणणे आपल्याकडे अशुभ, म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो. तो ‘मे बोय’ म्हणून निःशंकपणे चपला चढवतो.

आज्ञार्थात मात्र स्पॅनिश लोकांचेच एकमत नाही. स्पेनमध्ये अनेकांना ‘निघा’ म्हणण्यासाठी ‘ईदोस’ हे रूप व्याकरणाने सांगितले होते, परंतु लोक ते टाळून सर्रास ‘ईरोस’ म्हणत राहिले. १७१३ मध्ये स्थापन झालेल्या माद्रिदच्या राजेशाही अकादमीने अखेर २०१७ मध्ये या वहिवाटीला मान्यता दिली, तीही ‘ईदोस’ रद्द न करता. अर्जेंटिनात आणखी निराळा पेच पडला. तेथे जवळच्या माणसाला ‘बोस’ म्हणून संबोधतात, आणि त्याला अनुसरून ‘ईर’चा आज्ञार्थ करू गेल्यास नुसता ‘ई’ एवढा एकच स्वर हाती उरतो. तेव्हा तेथील लोकांनी ‘आंदार’, म्हणजे चालणे, या चौथ्याच क्रियापदाचे ‘आंदा’ हे रूप उसने घेतले, आणि ब्वेनोस आयरेसमध्ये आजही ‘जा’ म्हणताना तेच ऐकू येते.