खुराड्याला थंडी नव्हे, कोंडी नडते

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनवाल्याला खुराडं सांगितलं, तर बहुधा अँगलचा सांगाडा आणि चारी बाजूंनी पत्रा असा भक्कम खोकाच तयार होतो. वेल्डिंग चोख असतं. आत कोंबडी उकडते.

गैरसमज : बेळगावच्या थंडीत खुराडं गच्च बंद हवं.

इथली डिसेंबर-जानेवारीतली पहाट साधारण १३-१४ अंशांची. कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम, त्यावर पिसांचं पांघरूण. तिला ही थंडी सहज सोसते. पण पोती-प्लास्टिक कोंबून फटी बुजवल्या, की श्वासातली वाफ थंड पत्र्याला धरते, थेंबाथेंबानं गळते, खालचं भाताचं तूस ओलं होतं आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. सकाळी दार उघडताच तुमचे डोळे चुरचुरले, तर कोंबड्यांनी रात्रभर तेच हुंगलेलं असतं. अंगावर झोत नको, हे खरं. म्हणून छपराच्या खाली, कोंबड्यांच्या डोक्यावरून वारा जाईल अशी वीतभर जाळीची पट्टी ठेवा, तीही बारमाही उघडी.

गैरसमज : हिवाळ्यात बल्ब लागतोच.

पिल्लांना लागतो. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मोठ्या कोंबडीला नको. कोरड्या तुसावर लोंबणारा बल्ब म्हणजे आगीला आवतण.

तिला बल्बापेक्षा नीट बसायला दांडी द्या. वेल्डिंगवाला हटकून गोल लोखंडी पाइप ठोकतो. त्याऐवजी दोन इंची लाकडी पट्टी आडवी टाका. चपट्या पट्टीवर कोंबडी पंजांवर बसते आणि बोटं पोटाच्या पिसांत झाकली जातात.

गैरसमज : उन्हाळ्यात आत पाणी शिंपडलं की गारवा.

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापते आणि त्या ओलाव्यातून अंगातली उष्णता बाहेर टाकते. कोंडलेली हवा दमट केली, की ती धाप फुकट जाते. पाणी मारायचंच तर छपरावर मारा, पत्र्याला चुना फासा. भर दुपारी खाद्य नको. सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर घाला.

दिशेला तर कुणी विचारतच नाही. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, लांब बाजूंना जाळी, पश्चिमेची आखूड भिंत बंद. उतरतं ऊन आणि मृगानंतरचा पश्चिमेचा पाऊस, दोन्ही तीच झेलते. वळचण तीन फूट बाहेर काढा.

जाळी मात्र अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या. षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही.