बदलापूरच्या उन्हात अँटीफ्रीज कशाला?

बदलापुरात थंडी पडली की पेपरात बातमी येते. पारा मुंबईपेक्षा बराच खाली उतरतो, शेकोट्या पेटतात, आणि तरीही तो दहाच्या आसपासच थबकतो. उल्हास नदीवर बर्फ धरल्याचं इथल्या कुणाच्या पणजोबांनीही पाहिलेलं नाही. मग उल्हासनगरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात हिरव्या, लाल, गुलाबी द्रवाचे जे डबे रचलेले असतात, त्यांच्यावर 'अँटीफ्रीज' कशासाठी छापलेलं असतं? आणि सेकंडहँड गाडी घेतली की जाणता मेकॅनिक ऑइलच्या बरोबरीनं 'कूलंटही काढून नवीन भरा' असं का सांगतो?

आधी पेट्रोलचा हिशेब बघू. एक लिटर पेट्रोल जळून जी ऊर्जा सुटते, तिच्यातला पाव ते तिसरा हिस्सा कामाला येतो. तेवढाच सायलेन्सरमधून हवेत जातो. आणि जवळजवळ तेवढाच इंजिनाच्या धातूत शिरतो. धातूत शिरलेल्या या वाट्यावर सुमारे ३५ लिटर पाणी नळातून काढून थेट उकळीपर्यंत नेता येईल. बदलापूरहून गाडीनं कल्याणला जाऊन परत येईपर्यंत घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापावं एवढी उष्णता बॉनेटखाली तयार होते. तिला बाहेर काढणारा द्रव असतो छोट्या गाडीत जेमतेम चार-पाच लिटर. पंप तो मिनिटातून कित्येकदा फिरवत राहतो.

सिलिंडरमधल्या जळत्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जातं. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, आणि आजच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचंच असतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असलं, तर सेकंदाला १०० भडके उडतात. काही मिलिमीटरच्या भिंतीच्या एका अंगाला हा वणवा, दुसऱ्या अंगाला ९० अंशांचं पाणी. सिग्नलला आपण गाणं ऐकत बसलेलो असतो तेव्हाही हे चालू असतं.

सुरुवातीच्या मोटारींत पाणी सरळ वाफ होऊन उडून जायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर गेली, तेव्हा वाटेत मिळेल तिथे पाणी भरत गेली. १९०० साली विल्हेल्म मायबाखनं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या. तेच पाणी फिरवून पुन्हा पुन्हा वापरणं त्यानं खूपच सोपं झालं. तरी आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या फियाट आणि अँबेसेडर हे एक्स्प्रेस-वे होईपर्यंतचं नेहमीचं दृश्य होतं. बाटलीतून पाणी ओतणारे काका आणि लांब उभी राहून सूचना देणारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

आता पाणी शंभर अंशांना उकळतं हे आपण शाळेत शिकलो, पण रेडिएटरचं टोपण ते मानत नाही. त्यात एक स्प्रिंग असते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एका वातावरणानं वाढेपर्यंत ती तोंड उघडू देत नाही. एवढ्या दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांना उकळतं. आपल्या प्रेशर कुकरचं तत्त्व हेच, आणि आकडाही जवळपास हाच. गरम गाडीचं टोपण उघडू नये ते यासाठी. ११० अंशांवर शांत असलेलं पाणी दाब सुटताक्षणी उसळून वाफ होतं आणि हात-तोंड भाजून काढतं. त्याच टोपणात उलट्या दिशेनं उघडणारी दुसरी एक झडपही असते. इंजिन गार झालं की आतला द्रव आकसतो, आणि मघाशी बाजूच्या टाकीत गेलेला द्रव ती परत आत ओढून घेते. रात्री पार्किंगमध्ये हे आपोआप होत असतं.

रेडिएटरची वाट उघडबंद करणाऱ्या थर्मोस्टॅटची गंमत तर अंबरनाथकरांना अधिक कळावी. विम्को नाक्याचं नाव ज्या काडेपेटीच्या कारखान्यावरून पडलं, तो १९२० च्या दशकात उभा राहिला. काडीच्या लाकडाला पॅराफिन मेण पाजतात, म्हणजे गुलाची ज्योत काडीवर उतरते. तसलंच मेण थर्मोस्टॅटच्या पोटात एका इवल्या पितळी डबीत कोंडलेलं असतं. इंजिन थंड असताना मेण घट्ट, झडप बंद, पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. ८० ते ९० अंशांच्या दरम्यान मेण वितळतं, वितळताना फुगतं, दांडी ढकलतं, आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. वायर नाही, संगणक नाही. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी ही युक्ती गाडीत आणली आणि ती अजून टिकून आहे. गाडी गरम होते म्हणून काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मला हा उपाय अजिबात पटत नाही. इंजिन कायम अर्धवट गार राहतं, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आता अँटीफ्रीज. डब्यातला मुख्य पदार्थ एथिलीन ग्लायकॉल. पाण्यात तो निम्मा मिसळला तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. लडाखला उपयोगाचं, अंबरनाथला नाही. दुसरा गुण मात्र मे महिन्यात उपयोगी पडतो. तेच मिश्रण टोपणाच्या दाबाखाली १२५ अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. आता खरी गंमत बघा. उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी पडतं. ते मिसळलं की मिश्रण निव्वळ पाण्यापेक्षा वाईट कूलंट होतं! थंड करण्याचं काम पाणीच करतं, आणि त्याच्या तोडीचा स्वस्त द्रव दुसरा नाही. डब्यातलं बाकीचं सगळं पाण्याला आवरण्यासाठी असतं.

कारण गरम पाणी धातू खातं. इंजिनात एकटं लोखंड नसतं. ॲल्युमिनियम असतं, पितळ असतं, जुन्या रेडिएटरात तांबं आणि डाख असतो. वेगवेगळे धातू एकाच द्रवात बुडवले की बॅटरी तयार होते. व्होल्टानं १८०० साली तेच केलं होतं. जुनाट कूलंटमध्ये मल्टिमीटरची एक तार बुडवून दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तर काही दशांश व्होल्ट दिसू शकतात. तेवढ्या विजेपायी आतलं ॲल्युमिनियम कणाकणानं झिजत असतं. हे रोखायला कूलंटमध्ये थोडी रसायनं असतात. काही धातूवर झिलई धरतात, काही आम्ल मारतात. ती हळूहळू संपतात, आणि ग्लायकॉलचं स्वतःचंही आम्ल होत जातं. म्हणून पातळी 'मॅक्स'ला असली, रंग हिरवागार असला, तरी कूलंट मेलेलं असू शकतं. जुन्या पद्धतीचं साधारण दोन वर्षं टिकतं, नव्या सेंद्रिय आम्लांचं पाचेक. रंगावरून प्रकार ओळखायला जाऊ नये. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. दोन न जुळणारे प्रकार एकत्र आले तर आत चिखलासारखा लगदा होऊ शकतो.

त्यात बोअरिंगचं पाणी. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं, काळ्या बेसॉल्टचं. आपल्या पायाखाली तोच दगड पसरलेला आहे. त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. या क्षारांचं उलटं, तापवलं की ते बाहेर पडतात. बोअरिंगवर चालणाऱ्या गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर तोच. इंजिनात हा थर धरतो सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे जिथली उष्णता काढणं सगळ्यात निकडीचं तिथेच. आणि उष्णता वाहण्यात तो ॲल्युमिनियमच्या जवळजवळ शंभरपट मागे. म्हणून डिस्टिल्ड वॉटर.

सेकंडहँड गाडीचं कूलंट म्हणजे आधीच्या मालकाची दप्तरात न सापडणारी नोंद. चहासारखा रंग आला तर त्यानं वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं. वर तेलाचा तवंग असला, किंवा ऑइलच्या टोपणाखाली पिवळट साय जमलेली असली, तर हेड गॅसकेट फुटल्याची शंका घ्यावी, आणि व्यवहार व्हायचा असेल तर जरा थांबावं. गाडी विकायची म्हणून नुकतंच नवं भरलं असेल, तर ते मात्र काही सांगत नाही.

काम सोपं, पण उतावळ्या माणसाचं नाही. गाडी पूर्ण गार झाल्यावर टोपण उघडायचं, रेडिएटरचा खालचा कॉक किंवा होज सोडायचा, खाली टब ठेवायचा. निघालेला द्रव गटारात सोडू नये. अंबरनाथची गटारं वालधुनी नदीला मिळतात. ती आधीच कारखान्यांच्या पाण्यानं पिचलेली आहे, आणि शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून पुढे खाडीकडे जाते. शिवाय ग्लायकॉल चवीला गोड असतं. त्याचे एक-दोन चमचे चाटून मांजर मरतं. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडात स्फटिक साचतात. याचंच भावंड डायएथिलीन ग्लायकॉल. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये ते सापडलं, तेव्हा १४ रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोग नेमावा लागला. एथिलीन ग्लायकॉल पोटात गेलेल्या माणसाला रुग्णालयात वेळप्रसंगी अल्कोहोल देतात. यकृतातलं जे एंझाइम ग्लायकॉलचं विष करतं, त्याला दारू जास्त प्रिय. ते तिच्यामागे लागतं आणि तोवर ग्लायकॉल लघवीवाटे निघून जातं. जुना द्रव झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जळकं तेल रीतसर गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला विचारून द्यावा.

एकदा काढून भागत नाही. कॉकमधून बऱ्याचदा निम्माच माल निघतो, उरलेला इंजिनाच्या पोटात राहतो. डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून थर्मोस्टॅट उघडून पंखा लागेपर्यंत इंजिन चालवायचं, गार करायचं, काढायचं. पहिल्या खेपेनंतर जुना माल निम्मा, दुसरीनंतर पाव, तिसरीनंतर आठवा हिस्सा, चौथीनंतर सोळावा. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं की थांबावं.

इथे बरेच जण फसतात. शेवटची खेप काढल्यावरही पोटात निम्मं साधं पाणी असतंच. त्यावर निम्म्या-निम्म्याचं तयार कूलंट ओतलं, तर गाडीत ग्लायकॉल उरतं पाव. चार लिटरच्या गाडीत दोन लिटर पाणी आत राहिलं असेल, तर वरून दोन लिटर निव्वळ घट्ट कूलंट घालायचं, म्हणजे प्रमाण बसतं. मग टोपण उघडं ठेवूनच गार इंजिन सुरू करायचं. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, पुन्हा भरायचं. आत हवेचा फुगा अडकला तर तिथे पाणी पोचत नाही आणि काटा सांगेपर्यंत उशीर झालेला असतो. बुडबुडे थांबले की काटा चढायच्या आत टोपण लावायचं. दुसऱ्या दिवशी, गाडी गार असताना, टाकीतली पातळी बघायची. थोडी उतरली असेल तर भरायची. पण आठवडाभर रोज उतरत असेल आणि गाडीखाली थेंबही पडत नसेल, तर कूलंट जळतंय, आणि आता हेडच उघडायला लागणार.