पाणी कंपनीला दिलं, म्हणजे नेमकं काय दिलं?

चेहेडीच्या बंधाऱ्यात वालदेवी नदीतलं सांडपाणी मिसळलं की नाशिक रोडला दारणा नदीचं पाणी सोडून गंगापूर धरणावर विसंबावं लागतं. नळाची धार बारीक होते, हंडा भरायला दुप्पट वेळ लागतो आणि जेल रोडपासून देवळाली गावापर्यंत एकच सूर निघतो, ‘एकदाचं कंपनीला देऊन टाका!’ तसं म्हणण्याआधी छत्रपती संभाजीनगरचा अनुभव नीट समजून घ्यायला हवा.

तिथल्या महापालिकेने 2011 मध्ये 792 कोटींच्या समांतर जलवाहिनीसाठी औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीशी 20 वर्षांचा करार केला. 1 सप्टेंबर 2014 पासून शहराचा पाणीपुरवठा कंपनीच्या हाती गेला. 2016 मध्ये महापालिकेने करार मोडला आणि भांडण कोर्टात गेलं.

गैरसमज : कंपनी आली की महापालिका सुटली.
वस्तुस्थिती : पुरेसा पाणीपुरवठा हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. काम दुसऱ्याकडे सोपवता येतं. कर्तव्य झटकता येत नाही.

गैरसमज : सभागृहात ठराव झाला की करार संपला.
वस्तुस्थिती : ठरावाने फक्त महापालिकेची भूमिका ठरते. करार कोणत्या कारणाने मोडायचा, नोटीस कशी द्यायची, चूक सुधारायला मुदत किती, हे अशा करारांतच लिहिलेलं असतं. त्यात चूक झाली तर कंपनी भरपाई मागू शकते. संभाजीनगरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2018 मध्ये तडजोडीची बोलणी झाली, तीही तडीस गेली नाहीत.

गैरसमज : कंपनी गेली की पाणीपट्टी उतरते.
वस्तुस्थिती : कंपनी गेल्यावरही घरगुती नळाची वर्षाची पट्टी 4,050 रुपयांपर्यंत चढलेली होती. ती निम्मी व्हायला 2022 उजाडलं.

गैरसमज : खटला मिटला की पाणी येतं.
वस्तुस्थिती : कोर्ट हक्क ठरवतं, पाणी आणायला जलवाहिनीच लागते. 2019 मध्ये राज्य सरकारने 1,680 कोटींची नवी योजना मंजूर केली आणि तिचा खर्च पुढे 2,740 कोटींवर गेला. तोवर जायकवाडी धरणात पाणी असूनही शहरात कित्येक दिवसांनी एकदा नळ येत राहिला. घरोघरी ड्रम भरून ठेवलेले असत.

गैरसमज : कंपनीशी केलेला प्रत्येक करार मोडतोच.
वस्तुस्थिती : नागपुरात 2012 पासून ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी पुरवठा सांभाळते आहे. तिच्याबद्दलही तक्रारी झाल्या, पण करार टिकला.

नाशिक रोडसाठी असा प्रस्ताव कधी आलाच, तर सही होण्याआधी तीन कलमं प्रभागात, मराठीत, मोठ्याने वाचून दाखवली पाहिजेत. दर कोण वाढवणार? काम रखडलं तर दंड किती? आणि करार मोडला तर दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॉल्व्ह कोण उघडणार?