एक अंक इकडचा तिकडे

समजा, एका दुकानदाराने गिऱ्हाइकांचे पत्ते संगणकाकडे तपासायला दिले. छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन ४३१००१. घाईत कोणी ४१३००१ लिहिला, तर? अंक सहाच भरतात. पत्र मात्र सोलापूरला निघेल! श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या या पद्धतीत (१९७२) पहिले तीन अंक टपालाचा जिल्हा सांगतात. म्हणून पिन गावाच्या नावाशी ताडून पाहायचा. पण नाव तरी एक कुठे आहे? ते २०२३ मध्ये बदलले. जुन्या यादीत ‘औरंगाबाद’च सापडेल. शिवाय बिहारातही एक औरंगाबाद आहे! पाच अंकी पिन सरळ चुकीच्या फायलीत टाका. पिन आणि गाव जुळत नसेल, तर पत्ता संशयितांच्या वेगळ्या फायलीत. तिथे संगणकाने परस्पर दुरुस्ती करू नये, गिऱ्हाइकालाच विचारावे. तोवर मूळ यादीला हात लावायचा नाही.