दुसऱ्या फळीतल्या पोलादी सायकली

कोलनागो, चिनेली, मासी, देरोजा या इटालियन सायकलींचे गोडवे पुष्कळ गाऊन झाले आहेत. सायकलपटू एदी मर्क्सने ऑक्टोबर 1972 मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर अंतर तोडले. ती सायकल एर्नेस्तो कोलनागोने बांधलेली होती आणि तिचे वजन सहा किलोंहूनही कमी होते. त्या घराण्यातल्या सायकलींना आज मागाल ती किंमत मिळते आणि बऱ्याचशा काचेआड जाऊन बसतात. बसोत बापड्या. त्याच काळात लाखांनी तयार झालेल्या आणि बेताच्या पगाराच्या माणसाला परवडणाऱ्या सायकलींची मात्र कुणी फारशी दखल घेत नाही. प्यूजोची यूओ-8, रॅलेची ग्राँ प्री, श्विनची व्हर्सिटी, आणि मागोमाग जपानहून आलेल्या फुजी, निशिकी, सेंचुरियन. आपल्याकडे जिला सरसकट ‘रेसर’ म्हणत तो प्रकार: खाली वळलेले हँडल, दहा गिअर, पोलादी फ्रेम. वजन मात्र बारा-चौदा किलो, कधी त्याहून जास्त. थाट शर्यतीचा, पण शर्यतीला यांना कुणी नेले नाही.

जुनी सायकल आणून, दुरुस्त करून चालवायची हौस असेल तर हीच फळी बघावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या फळीत पैसा अडकतो आणि मग सायकल रस्त्यावर काढायची छाती होत नाही.

या सायकली इतक्या संख्येने शिल्लक कशा राहिल्या, याचे उत्तर अमेरिकेत आहे. तिथे 1970 साली सुमारे 69 लाख सायकली खपल्या होत्या. 1973 साली तो आकडा दीड कोटीच्या वर गेला. तोवर अमेरिकेत सायकल म्हणजे पोरांचे वाहन. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी वयात आली, प्रदूषणाची चर्चा सुरू झाली, युजीन स्लोनचे सायकलविषयक जाडजूड पुस्तक 1970 साली आले आणि धडाधड खपले. एकदम मोठ्या माणसांना दहा गिअरची सायकल हवीशी झाली. तेलसंकटामुळे ही लाट आली असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. अरब देशांनी तेल रोखले ऑक्टोबर 1973 मध्ये. तोवर लाट टिपेला पोचली होती. 1975 साली खप पुन्हा निम्म्यावर आला. घेतलेल्या सायकलींपैकी कितीतरी दोन-चार उन्हाळे चालल्या आणि मग गॅरेजच्या छताला टांगल्या गेल्या. फार वापर झाला नाही म्हणून त्या टिकल्या. आज अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेला मराठी मुलगा शनिवारच्या गॅरेज सेलमध्ये जी धुळकट सायकल उचलतो, ती बहुधा याच लाटेतली किंवा तिच्या शेपटाकडची असते.

या मालाची प्रत सारखी नव्हती. श्विनची व्हर्सिटी शिकागोत बने. तिची फ्रेम कंपनीच्या स्वतःच्या वेल्डिंग पद्धतीने जोडलेली, क्रँक एकाच लोखंडी तुकड्याचा, आणि अख्ख्या सायकलीचे वजन अठरा किलोंच्या आसपास. चढावर जीव काढते. पण मोडत नाही. ट्रकखाली घातलीत तरच मोडेल. आदर वाटतो, प्रेम बसत नाही.

फ्रेंच सायकलींची गत उलटी. प्यूजो यूओ-8 चालवायला गोड, मऊ, सरळ धावणारी. तिच्यावरचे माफाकचे ब्रेक आजही उत्तम काम देतात. पण गिअर बदलणारा सिंप्लेक्सचा डिरेलर डेलरिन नावाच्या प्लॅस्टिकचा होता. पन्नास वर्षांत त्याला चिरा जातात, आणि नेमका तो चढावर तुटतो. त्याहून मोठी डोकेदुखी मापांची. फ्रेंचांचे आटे वेगळे, पायडलचे माप वेगळे, हँडलचा दांडा इंग्लिश दांड्याहून बारीक. इंग्लिश 22.2 मिलिमीटर, फ्रेंच 22. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. दांडा बसवायला गेलात की कळतो. फ्रेंच सायकल घेणाऱ्याने एकाच वेळी दोन घ्याव्यात, एक चालवायला आणि एक सुट्या भागांसाठी. हे मी गमतीने म्हणत नाही.

रॅलेचे प्रस्थ नॉटिंगहॅमचे. 1887 च्या सुमाराला रॅले स्ट्रीटवर लहानशी सुरुवात झाली आणि पुढे एक अख्खे औद्योगिक शहर उभे राहिले. ॲलन सिलिटो याच कारखान्यात कामाला होता. ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ या त्याच्या 1958 च्या कादंबरीचा नायक सायकलच्या कारखान्यात लेथवर बसतो, तो अनुभव तिथला. ही रॅलेसुद्धा आपल्या मापांवर अडून बसलेली. बाकीच्या इंग्लंडचे बीबीचे, म्हणजे क्रँकचा आस बसतो त्या घराचे, आटे इंचाला 24, रॅलेचे 26. तरी रॅलेची दुरुस्ती आपल्या मुलखात सोपी जाते, याचे कारण इतिहासात आहे. आसनसोलला सेन-रॅले आली, मद्रासला 1949 साली बर्मिंगहॅमच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर टीआय सायकल्स निघाली, आणि काळ्या दांडीच्या सायकलीची इंग्लिश मापे इथे रुजली. त्यामुळे रॅलेचा क्रँक आसावर धरणारी साडेनऊ मिलिमीटरची कॉटर पिन अमेरिकेतल्या हौशी माणसाला शोधत बसावी लागते. तीच आपल्याकडे कोपऱ्यावरचा सायकलवाला डब्यात हात घालून काढून देतो. आपल्याला त्याचे अप्रूप नाही.

आता जपान. या फळीतली सर्वांत शहाणी खरेदी जपानी, हे मी वादाला तयार राहून लिहितो. ओसाकाजवळचे साकाई हे शहर पूर्वी सुऱ्या आणि बंदुकांसाठी प्रसिद्ध होते. शिमानोचा कारखाना तिथे 1921 साली निघाला, आणि माएदा कंपनीची सनटूरही ओसाकाच्याच परिसरातली. सनटूरने 1964 साली तिरकस चौकटीचा मागचा डिरेलर काढला. त्याची कप्पी गिअरच्या चक्रांशी सारखे अंतर राखून उतारासारखी सरकत जाते, त्यामुळे गिअर पटकन आणि बिनबोभाट बदलतो. युरोपातल्या नामांकित कंपन्यांचे महागडे डिरेलर तेव्हा याच्या जवळपासही नव्हते. पेटंटची मुदत 1984 साली संपली आणि बाकीच्यांनी ती रचना उचलली. आजच्या बहुतेक सगळ्या गिअरच्या सायकलींत ती आहे. मजा अशी की सनटूर हे भाग स्वस्तात विकत असे आणि ते स्वस्त सायकलींवर बसत. परिणामी 1975 ची साधी फुजी त्या वेळच्या दुप्पट किमतीच्या युरोपीय सायकलीपेक्षा गिअर चांगला बदले. श्विनलाही हे उमगले असावे, कारण तिने 1972 पासून आपल्या काही सायकली जपानात पॅनासोनिककडून बनवून घेतल्या. फ्रेमची जोडणी नीट, रंग पक्का, आटे इंग्लिश मापाचे. त्यांना फ्रेंच रुबाब नाही म्हणून संग्राहक नाक मुरडतात. त्यामुळे भाव कमी, आणि ते आपल्या पथ्यावर पडते.

पोलादाबद्दल थोडे बोलायला हवे, कारण या विषयात सर्वांत जास्त भाबडेपणा तिथेच चालतो. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने 1935 साली ‘531’ ही मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी आणली. तिच्या टोकांना जाडी जास्त, कारण तिथे नळ्या जोडणाऱ्या लगमध्ये पितळेचा डाग बसतो आणि उष्णतेने पोलाद थोडे कमकुवत होते. मधल्या भागात भिंत अर्धा ते सहा दशांश मिलिमीटर इतकी पातळ. फ्रेमवर हिरवा-सोनेरी स्टिकर दिसला की माणसे विरघळतात. आपल्या दुसऱ्या फळीत हे फारसे मिळत नाही. तिथे साधे कार्बन पोलाद किंवा हाय-टेन्साइल, भिंत मिलिमीटरभर किंवा जास्त. पण पोलाद स्वस्त असो वा महाग, त्याचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. महाग पोलाद मजबूत असते, म्हणून नळी पातळ करता येते आणि वजन वाचते. एवढाच फरक. किलो-दीड किलो.

आणि ते वजन भरून काढणारी एक गोष्ट या सायकलींत असते: जागा. शर्यतीच्या फ्रेममध्ये टायर आणि फ्रेम यांच्यात बोट जात नाही. साध्या सायकलीत 32 मिलिमीटरचा टायर बसतो, वर मडगार्ड बसतो, कॅरिअरला आटे दिलेले असतात. रुंद, मऊ टायर थोड्या कमी हवेवर चालवला की खडबडीत रस्त्यावर जो आराम मिळतो, तो कुठल्याही मिश्रधातूने मिळत नाही. जुन्या सायकलीच्या ‘पोलादी मऊपणा’वर जे काही लिहिले जाते, त्यातले निम्मे श्रेय टायरचे आहे.

दुरुस्तीची सुरुवात बीबीपासून करावी. रॅलेचा कॉटर पिनचा क्रँक काढायचा तर पिनेचे नट पूर्ण काढू नये. पिनेच्या टोकाच्या बरोबरीत येईल एवढेच सैल करावे, म्हणजे हातोड्याने आटे चेपत नाहीत. क्रँकच्या खाली, जमिनीवर उभा केलेला लोखंडी पाइपचा तुकडा टेकवावा, पिनेच्या खालच्या टोकाला मोकळी जागा ठेवून. मग एकच दणका, जोरात. घाबरत दहा टिचक्या मारल्या की पिन वाकते आणि मग ड्रिल घेऊन बसावे लागते. क्रँक निघाला की डावीकडचा कप नेहमीसारखा उघडतो, पण इंग्लिश सायकलीचा चेनकडचा कप उलट्या आट्यांचा. फ्रेंच सायकलीत दोन्ही कप सुलट. हे न बघता जोर लावणारा माणूस कप काढत नसतो, आवळत असतो. आत जुने ग्रीस वाळून लाखेसारखे झालेले असते. ते रॉकेलने धुवावे. छर्रे प्रत्येक बाजूला अकरा, पाव इंची. ते काही रुपयांचे, म्हणून जुने परत घालण्याचा कंजूसपणा करू नये. कपात एखादा बारीक खड्डा पडला असेल तर नख फिरवले की लागतो. आपले जुने कारागीर ज्याला ‘ओव्हरऑइल’ म्हणत ते हेच सगळे काम. एक सुटीचा दिवस पुरतो.

खर्च करायचाच असेल तर चाकांवर करा. स्वस्त सायकलींच्या रिमा क्रोमच्या पोलादी असतात. कोरड्यात ब्रेक बरा, पावसात जवळपास नाहीच. ॲल्युमिनियमच्या रिमा घातल्या की सायकल सुरक्षितही होते आणि हलकीही. मूळ चाके बहुधा 27 इंची, म्हणजे टायर बसतो तिथे 630 मिलिमीटर. आजची 700-सी रिम 622 ची. ब्रेकचे रबर चारच मिलिमीटर खाली घ्यावे लागते आणि बहुतेक ब्रेकना तेवढा वाव असतो. मागची जागा अरुंद असेल तर पोलादी फ्रेम थंड असतानाच ताणून 120 वरून 126 मिलिमीटर करता येते. कार्बन फायबरच्या फ्रेमशी हा प्रयोग करू नये. क्रोमवरचा हलका गंज ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासली की निघतो. खोल गंजाला ऑक्झॅलिक ॲसिडचे पाणी, हातमोजे घालून आणि मुलांपासून लांब.

रंगाला मात्र हात लावू नये. आपल्याकडे जुनी सायकल हातात आली की पहिला फोन पावडर कोटिंगवाल्याला जातो. फ्रेम भट्टीतून चकचकीत काळी होऊन येते. मूळ रंग, सोनेरी रेघा, स्टिकर सगळे जाते. मग तिला तपकिरी कातडी सीट लावतात, ब्रेक आणि गिअर काढतात आणि कॅफेच्या भिंतीवर चढवतात. हा जीर्णोद्धार नव्हे, श्राद्ध आहे. ओरखडे राहू द्यावेत. उघड्या पोलादावर रंगाचा ठिपका द्यावा, वर मेण घासावे, पुरे.

इटलीत गायोले गावी 1997 साली जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ नावाची फेरी सुरू झाली. पहिल्या वर्षी 92 जण होते, आज हजारो येतात. नियम असा की सायकल 1987 च्या आधीची हवी, गिअरच्या दांड्या फ्रेमच्या खालच्या नळीवर हव्यात, ब्रेकच्या तारा हँडलबाहेरून हव्यात. या फेरीने जुन्या सायकलींना प्रतिष्ठा दिली आणि त्याच दमात भाव चढवले. समाधान एवढेच की यूओ-8 सुद्धा त्या नियमांत बसते आणि टस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर ती कोलनागोइतकीच धुळीने माखते.

यंदा कुणा नातेवाइकाच्या गॅरेजमध्ये अशी एखादी दिसली, तर स्टिकर आणि रंग नंतर बघा. आधी सीटचा दांडा वर-खाली होतो का ते पाहा. ॲल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत वर्षानुवर्षे राहिला की गंजून एकजीव होतो, आणि तो काढण्यात आठवडा जाऊ शकतो. दांडा हलला तर सायकल घ्या. नाही हलला, तर निम्मी किंमत सांगा.