सांदण दरीतली बारा मिनिटे

जुन्या वाड्यांच्या दोन भिंतींमध्ये जी चिंचोळी जागा उरते, तिला आपण सांद म्हणतो. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ सह्याद्रीने अशीच एक अजस्र सांद राखून ठेवली आहे. तिचे नाव सांदण दरी. रतनगडाच्या शेजारची ही घळ सुमारे दोन किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी दोनशे फुटांहून खोल आहे. रुंदी मात्र कुठे कुठे जेमतेम दहा फूट. इतर दऱ्या आपण कड्यावरून खाली वाकून पाहतो. इथे तळातून चालायचे आणि मान वर करून पाहायचे.

मागच्या मे महिन्यात उज्जैनहून आग्रा रोडने नाशिक, पुढे घोटी, भंडारदरा करत आम्ही साम्रदला पोहोचलो. सोबत ठाण्याचा भाचा होता. दरीत शिरल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "मामा, हे दगड केशरी का नाहीत?"

प्रश्न रास्त होता. अशा दरीचे छायाचित्र म्हटले की डोळ्यांसमोर येते ती अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातली ॲन्टिलोप कॅन्यन. तिथला दगड लोहयुक्त वालुकाश्म, म्हणजे जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्याच. ऊन वरच्या कडेवर पडते आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर उसळत खाली येते. प्रत्येक उसळीत लाल-केशरी छटा गडद होते, म्हणून भिंती आतून पेटल्यासारख्या दिसतात. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे काळ्या बेसाल्टचा. तो बराचसा प्रकाश पिऊन टाकतो. इथे भिंती उजळत नाहीत. सावलीत उरतो तो वरच्या आकाशाच्या पट्टीचा निळसर उजेड, आणि ऊन उतरलेच तर काळ्यावर ओढलेली एक पांढरी रेघ.

ही रेघ तळापर्यंत कधी पोहोचते? आम्हा उज्जैनकरांना हे गणित लहानपणापासून ओळखीचे असते. कर्कवृत्त आपल्या गावाजवळून जाते. २१ जूनच्या मध्यान्ही जयसिंगाच्या वेधशाळेत शंकूची सावली नाहीशी होताना पाहायला शाळेची मुले रांगा लावतात. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो. साम्रद साडेएकोणीस अक्षांशाजवळ आहे, म्हणजे तिथे हे दिवस साधारण १७ मे आणि २५ जुलैच्या आसपास येतात. जुलैमध्ये दरीत पाणी धावत असते, आत जायचा विचारही करू नये. उरतो तो मे. घड्याळात बारा नव्हे, साडेबारा धरावेत, कारण आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि साम्रद त्याच्या बरेच पश्चिमेला.

आता किती वेळ मिळतो ते पाहू. दोनशे फूट खोल आणि दहा फूट रुंद फटीतून तळाला आकाशाची जेमतेम तीन अंशांची पट्टी दिसते. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. म्हणजे दरी जिथे दक्षिणोत्तर वळते, तिथे तळाच्या एका जागेवर ऊन सुमारे बारा मिनिटे. पूर्व-पश्चिम वळणावर ते थोडे जास्त रेंगाळते.

त्यामुळे तयारी आधीच हवी. ट्रायपॉड लावून ठेवावा, आयएसओ १००, ॲपर्चर आठ ते अकरा. मोजमाप उन्हाच्या पट्ट्यावरून घ्यावे, अंधारावरून नव्हे. अंधार काळाच राहू द्यावा. चौकटीत आकाश घेऊ नये, ते पांढरेफटक होते. रॉ फाईल ठेवावी आणि व्हाईट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये, नाहीतर सावलीतला निळा रंग कॅमेरा पुसून टाकतो. मोबाईल असेल तर उन्हाच्या कडेवर बोट दाबून एक्स्पोजर खाली ओढावे. आणि वाटेतल्या पाण्याच्या कुंडांकडे जरूर पाहावे. भिंत प्रकाश गिळते, पण पाणी तो परत देते.

पहिल्या दिवशी आम्हाला ही बारा मिनिटे मिळाली नाहीत. बाराच्या सुमारास रतनगडाकडे ढग जमू लागले आणि साम्रदच्या वाटाड्याने सांगितले, "मागं फिरायचं." डोक्यावर ऊन होते, सातशे-आठशे पावले पुढे हवी ती जागा होती. भाच्याचा चेहरा उतरला. आम्ही मात्र परतलो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर ॲन्टिलोपमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक दगावले. तिथे पाऊस पडतच नव्हता, तो कित्येक किलोमीटर दूर पडला होता. घळीत आपल्याला आकाश दिसते तेवढी एक पट्टी, येणारे पाणी दिसत नाही. ॲन्टिलोपमध्ये आजही नाव्हाहो वाटाड्यांशिवाय प्रवेश नाही. मे महिन्यातला वळीव पाहता साम्रदच्या माणसाचा शब्द आपणही शेवटचा मानावा.

दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होते. ऊन भिंतीवरून उतरले, एका खडकावर टेकले आणि पलीकडे चढून गेले. भाच्याने सतरा फोटो काढले, त्यातले दोन खरेच चांगले आहेत. रात्री त्याने विचारले, "लॅपटॉपवर केशरी करू का?" सॉफ्टवेअरमध्ये ते दहा सेकंदांचे काम, रोजच्या कामामुळे मला ते चांगलेच ठाऊक आहे. पण मग ती सांदण राहिली नसती. २०१४ मध्ये ६५ लाख डॉलरना विकल्याचे जाहीर झालेले ॲन्टिलोपचे गाजलेले छायाचित्र कृष्णधवल आहे, हे सांगितल्यावर तो जरा विचारात पडला. माधव नगरच्या आमच्या घरात आता सांदण लागली आहे, तिच्या स्वतःच्या काळ्या रंगात.

मुलाबाळांसह जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन वरच्या कडेलाच राहते आणि खाली मऊ, एकसारखा उजेड मिळतो. माणसांचे चेहरे त्यात फार छान येतात. चांगली पकड असलेले बूट, कोरडे कपडे आणि गावातला वाटाड्या एवढे बरोबर घ्या. आजी-आजोबांना दरीच्या तोंडाशी थांबवले तरी चालेल, तिथूनही सांद दिसते.