निर्धूर चूल आणि धुराडे

राहाता तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर, जेथे पेरूच्या छाटणीच्या काटक्या, उसाचे पाचट आणि गोवऱ्या यांवर अद्यापही आंघोळीचे पाणी तापते, तेथे धुराडे बसविले की चूल निर्धूर झाली असा समज रूढ आहे. आणि तो स्वाभाविकच म्हटला पाहिजे, कारण धुराड्याने स्वयंपाकघरातील डोळ्यांची आग खरोखर शमते. परंतु धुराडे धूर घटवीत नाही, त्याचे केवळ स्थलांतर करते. वारा फिरला की तो शेजाऱ्याच्या पडवीत हजर!

सुवाह्य (उचलून नेता येणाऱ्या) चुलींसाठीचे भारतीय मानक १३१५२, भाग १ (२०१३) पाहते ते निराळेच: भांड्यात पोचलेल्या प्रत्येक मेगाज्यूल (उष्णतेचे माप) उष्णतेमागे किती तरंगते कण आणि किती कार्बन मोनॉक्साइड (अदृश्य विषारी वायू) बाहेर पडला. डेअरीत दुधाचा भाव रंगावर नव्हे, फॅटवर ठरतो, तसाच हा प्रकार. नैसर्गिक हवेवर जळणाऱ्या चुलीस कणांची मर्यादा ३५० मिलिग्रॅम, पंख्याच्या चुलीस १५०. वायूची मात्र दोहोंस ५ ग्रॅम. यास्तव दुकानदाराच्या तोंडी ग्वाहीपेक्षा चाचणीचा दाखला मागावा. तो सुक्या लाकडावर दिलेला असतो. श्रावणातल्या ओल्या गोवरीस तो लागू नाही.